घटसर्प म्हशीचा आणि घटसर्प मुलाचा

बाई, तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या वरच्या अंगाला तुमच्या शाळेच्या वाडीत पहिल्या पावसात एकाच गोठ्यातल्या तीन म्हशी दोन दिवसांत गेल्या. गळा सुजला, घरघर लागली, संपल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातून सांगितलं, घटसर्प. तीन आठवड्यांनी शेजारच्या घरातला चौथीतला मुलगा घसा धरून आजारी पडला, त्याला बेळगावला न्यावं लागलं, आणि तिथल्या डॉक्टरांच्या तोंडीही तोच शब्द आला. आता वाडीने त्या गोठेवाल्याचं दूध बंद केलंय. त्याच्या दोन मुली शाळेत आल्या की बाकीचे आईबाप आपापली पोरं उठवून घरी नेतात. तुम्ही विचारता, म्हशीचा रोग मुलाला लागला का? आणि नाकाघशातला एवढासा जंतू धडधाकट जनावराला एका रात्रीत मारतो तरी कसा?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो, कारण त्या उत्तराकडे एक घर डोळे लावून बसलंय. नाही. त्या मुलाला म्हशीपासून हा रोग लागलेला नाही. घोळ झालाय तो आपल्याच भाषेतल्या एका शब्दाने. घशावर उठणाऱ्या दोन जीवघेण्या रोगांना मराठीत एकच नाव पडलंय. मुलाच्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात. म्हशीच्या घटसर्पाला आम्ही दवाखान्यात एचएस (हिमोरॅजिक सेप्टिसीमिया) म्हणतो, आणि शेजारच्या कन्नड गावात त्याला गंटलु बेने म्हणतात, म्हणजे घशाचं दुखणं. जंतू वेगळे, त्यांची कुळं वेगळी, मारायची रीत वेगळी. डिप्थेरियाचा हा जंतू माणसाकडून माणसाकडे जातो, खोकल्याशिंकेतल्या थेंबांतून. शिवाय दिवसही जुळत नाहीत. संसर्ग झाल्यावर साधारण दोन ते पाच दिवसांत, फार तर दहा दिवसांत तो घसा धरतो. तीन आठवड्यांपूर्वी पुरलेल्या म्हशींकडे बोट दाखवायला त्यात जागाच उरत नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. 28 वर्षं खानापूर, बेळगाव, चिकोडी ह्या पट्ट्यातल्या गोठ्यांतून फिरतोय. माणसाला मी औषध देत नाही. पण साथीच्या दिवसांत आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि मी एकाच वाडीत, एकाच ओसरीवर कितीदा तरी बसलोय, त्यामुळे दोन्हीकडचं जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहितो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याला जरा वेळ द्यावा लागेल.

मोठा माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. म्हैस त्याच्या कितीतरी पट. त्या हवेबरोबर धूळ, बुरशी, जंतू सगळं आत येतं, तरीही रोज कुणी आजारी पडत नाही, कारण श्वासाच्या वाटेवर अखंड झाडलोट चालू असते. नाकापासून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत आतून चिकट स्रावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली पेशींवर डोळ्याला न दिसणारी लव. ही लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलते. अडकलेला कचरा त्या चिकट थरावरून वर वर ढकलला जातो, घशापाशी येतो आणि आपण नकळत तो गिळून टाकतो. त्यातूनही काही खाली पोचलंच तर फुप्फुसाच्या वायुकोशांत मोठ्या भक्षक पेशी बसलेल्या असतात, त्या जंतूला गिळून पचवतात. ही व्यवस्था आपल्यात आणि म्हशीत जवळजवळ सारखीच.

जंतू बाहेरून, परमुलखातून येतो आणि आला की रोग होतो, अशी आपली समजूत असते. बऱ्याच वेळा तो आधीपासूनच अंगात राहायला असतो. म्हशीच्या घटसर्पाचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा, त्याचा आपल्या आशियात आढळणारा ठरावीक प्रकार, काही ठणठणीत जनावरांच्या टॉन्सिलमध्ये महिनोन् महिने दडून राहतो. जनावर खातं, दूध देतं, अंगाला ताप नाही. माणसांत न्यूमोनियाचा जो सगळ्यांत मोठा जंतू, न्यूमोकोकस, तो लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात सर्रास सापडतो आणि बहुतेकांना काहीच करत नाही. म्हणून रोग झाला की जंतू कुठून आला हे विचारावंच, पण त्याच्या बरोबरीने हेही विचारावं की राखण कशाने ढिली पडली.

आपल्याकडे ती नेमकी कधी ढिली पडते ते तुम्ही दरवर्षी बघता. उन्हाळा संपत आलेला असतो, हिरवी वैरण नाही, कडबा आणि पेंढा संपत आलेला, जनावराच्या बरगड्या दिसायला लागलेल्या. तेवढ्यात रोहिणीचा, मृगाचा पाऊस येतो. बैल एकदम नांगराला. म्हशी भिजतात, थंडी लागते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून गोठ्याला चहूबाजूंनी पोती आणि प्लॅस्टिक बांधतात. आत शेण-मूत साचतं, त्याचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो. तो अमोनिया. त्याने ती लव सुस्तावते. अशक्तपणा, थंडी आणि कष्टाच्या ताणाने अंगातली संप्रेरकं बदलतात आणि पांढऱ्या पेशींचा जोर कमी होतो. टॉन्सिलमधला पाहुणा ह्या दिवसांत वाढतो, लाळेतून, शेंबडातून बाहेर पडतो, डबक्यात, गव्हाणीत, ओल्या चिखलात काही काळ तग धरतो आणि शेजारच्या जनावरात शिरतो. म्हशी ह्या रोगाला गाईंपेक्षा लवकर बळी पडतात. आपल्या खानापूर तालुक्यात गोठे म्हशींचे आणि पाऊस घाटमाथ्याचा, त्यामुळे हे दुखणं इथे जास्त जाणवतं.

कणकुंबीकडच्या एका गवळीवाड्यातली रात्र सांगतो. बरीच वर्षं झाली. संध्याकाळी निरोप आला, म्हैस खात नाही, लाळ गळतेय. मधला ओढा भरून वाहत होता, मी पलीकडे पोचलो तेव्हा फटफटत होतं. म्हैस उभी होती, मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, जीभ जांभळी. गळ्याखालची सूज पुढच्या पायांच्या मध्यापर्यंत उतरली होती. मी अंगठा दाबला. कातडी गरम, म्हैस कळवळली, आणि अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. ताप 106 च्या वर. प्रत्येक श्वासाला घशातून करवत चालावी तसा आवाज. शिरेतून औषध दिलं, सुजेवर काही करता येतं का पाहिलं, आणि अर्ध्या तासात ती माझ्यासमोर आडवी झाली. घरची म्हातारी म्हणाली, काल दुपारी हिने चार लिटर दूध दिलं होतं. तिच्या कानाच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा थेंब मी काचेवर पसरून आणला होता. दवाखान्यात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तांबड्या पेशींच्या मधून जिकडे पाहावं तिकडे बारीक दाणे, दोन्ही टोकं गडद निळी आणि मधला भाग फिका, मिटलेल्या सेफ्टी पिनसारखे. एका थेंबात एवढे असतील तर सगळ्या अंगात किती, हे मोजायची गरज उरली नाही.

ह्या जंतूची मारायची रीत अशी, की तो स्वतः रक्तात उतरतो. त्याच्याभोवती एक निसरडं कवच असतं. पांढरी पेशी त्याला धरायला जाते आणि तो हातातून साबण सुटावा तसा सुटतो. पकडला जात नाही म्हणून वाढत राहतो. अर्ध्या तासाला दुप्पट एवढा वेग धरला तरी दहा तासांत एकाचे दहा लाख होतात. त्याच्या बाहेरच्या आवरणात एक विषारी द्रव्य असतं, जंतू फुटला की ते मोकळं होतं. त्याने शरीराची संरक्षण यंत्रणा एकदम भडकते, बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी मांसात आणि कातडीखाली साचतं. गळ्याची ती सूज म्हणजे हेच पाणी. एकीकडे सुजेने श्वासनळी दाबली जाते, दुसरीकडे रक्तदाब कोसळतो. म्हैस ह्या दोन्हींनी मिळून मरते.

लोक विचारतात, औषध दिलं तरी कशी मेली? औषधांना हा जंतू सहसा दाद देतो. पण सूज दिसेपर्यंत रक्त जंतूंनी भरलेलं असतं, आणि जंतू मेले तरी त्यांनी सांडलेलं विष तसंच राहतं. नुसता ताप आहे, चारा सोडलाय, अशा पहिल्या काही तासांत सुई पडली तर जनावर वाचतं. त्यासाठी घरी थर्मामीटर असावा असं मी प्रत्येक गोठ्यात सांगतो. म्हशीचा ताप 101 च्या आसपास असतो, 104 दिसला की सकाळची वाट बघायची नाही.

आता मुलाचा घटसर्प. इथे जंतू बरोबर उलटं वागतो. कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी हा सहसा रक्तात जातच नाही. तो घशातच ठाण मांडतो आणि तिथून विष पाठवतो. घशाच्या पेशी मरतात, त्यांचा, रक्ताचा आणि जंतूंचा मिळून करडा, चामड्यासारखा पापुद्रा टॉन्सिलवर धरतो. ओढून काढायला गेलं तर रक्त येतं, म्हणून कुणीही बोटाने, कापसाने तो खरवडू नये. मानेच्या गाठी इतक्या सुजतात की मान बैलासारखी दिसते, आणि इथेच म्हशीच्या सुजेशी साम्य दिसून आपल्या आजी-पणजीने एक नाव दिलं असणार. पापुद्रा श्वासनळीत उतरला तर गुदमरून जीव जातो. पण घशातून वाचलेलं मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक जाऊ शकतं, कारण विष रक्तातून हृदयाच्या स्नायूत आणि नसांत पोचलेलं असतं. पेशीत प्रथिनं तयार करायचं जे काम चालतं ते हे विष बंद पाडतं. विषाचा एक रेणू आत शिरला तरी एक पेशी मरायला पुरतो.

ह्यात मला विलक्षण वाटते ती गोष्ट वेगळीच. विष तयार करायचा नुस्खा ह्या जंतूचा स्वतःचा नाहीच. जंतूलाही विषाणू लागतात, आणि अशाच एका विषाणूने तो नुस्खा जंतूत आणून सोडलेला असतो. ज्या जंतूत तो विषाणू नाही तो घशात राहतो, पण हा विषारी पापुद्र्याचा रोग करत नाही.

उपचारही त्यामुळे वेगळा. प्रतिजैविकाने जंतू मरतो, पसरणं थांबतं, पण आधीच सुटलेल्या विषाला उतारा लागतो. तो घोड्याच्या रक्तातून तयार करतात. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या अंगात प्रतिद्रव्य बनवायचं आणि ते माणसाला द्यायचं. ह्याच कामासाठी एमिल फॉन बेहरिंगला 1901 मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. जनावरांच्या डॉक्टरला ही हकीकत जवळची वाटते. आपल्या बेळगावलाही टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार व्हायची, ती वासरांच्या अंगावर. आज तिथल्या मैदानात फिरायला जाणाऱ्या कितीजणांना ते नाव कशावरून पडलं हे माहीत असेल कोण जाणे. मुद्दा असा, की उतारा फक्त रक्तात फिरणाऱ्या विषाला धरतो. पेशीत शिरलेल्या विषाला तो परत काढू शकत नाही. म्हणून डॉक्टर तपासणीचा अहवाल यायची वाट न बघता, नुसत्या संशयावर तो देतात. तुमच्या विद्यार्थ्याला बेळगावला लगेच हलवलं हे फार चांगलं केलंत.

तिसरी रीत फुप्फुसातली, आणि खरं तर सगळ्यांत जास्त जीव हीच घेते, फक्त गाजावाजा होत नाही. बाजारातून टेम्पोत कोंबून आणलेल्या शेळ्या-मेंढ्या. रात्रभर उभ्या, ना पाणी ना चारा, एकमेकींच्या तोंडावर श्वास. घरी आणल्यावर चार-आठ दिवसांत नाक गळतं, खोकला, ताप, आणि एकेक मरायला लागते. शवविच्छेदन करताना छाती उघडली की फुप्फुसाचा पुढचा, खालचा भाग काळपट लाल आणि काळजासारखा घट्ट लागतो. चांगलं फुप्फुस स्पंजासारखं हलकं, पाण्यावर तरंगतं. ह्यातला तुकडा पाण्यात टाकला की सरळ तळाला जातो. छातीच्या आतल्या भिंतीला पिवळसर तंतूंचं जाळं चिकटलेलं असतं. मॅनहायमिया हिमोलिटिका नावाचा जंतू, एरवी शेळीच्या नाकाघशात निवांत राहणारा. तो एक विष सोडतो, जे पांढऱ्या पेशींनाच मारतं. राखण करायला आलेल्या पेशी तिथेच फुटतात आणि त्यांच्या आतली पाचक द्रव्यं सांडून फुप्फुस शिजल्यासारखं होतं. निम्मं नुकसान जंतूचं, निम्मं घरच्याच शिपायांचं.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने ह्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. ते विष ज्या खुणेला धरून पेशीवर बसतं ती खूण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पेशींवर जुळते, माणसाच्या पेशींवर नाही. शेळीला मारणारा जंतू शेळ्या राखणाऱ्या बाईच्या छातीत जाऊनही तिला काही करत नाही तो त्यामुळे. जंतूंची सोयरीक बहुतेक ठरलेली असते. माणसांतला डांग्या खोकल्याचा जंतू आणि कुत्र्यांच्या खोकल्याचा जंतू सख्खे भाऊ, एकाच बॉर्डेटेला कुळातले, दोघेही त्या लवेला चिकटून तिला बंद पाडतात, तरी डांग्या खोकला कुत्र्याला होत नाही. (लव एकदा मेली की पुन्हा उगवायला वेळ लागतो. जंतू मेल्यावरही मूल आठवडेच्या आठवडे खोकत राहतं ते त्यापायी, आणि लोक मात्र औषध बदलत राहतात.)

माणसाच्या न्यूमोनियाचंही तसंच. न्यूमोकोकसचं कवच हेच त्याचं बळ. त्या कवचाचे 100 हून अधिक प्रकार मोजलेत. 1928 मध्ये ग्रिफिथने दाखवलं की कवच नसलेला निरुपद्रवी जंतू, मेलेल्या कवचवाल्या जंतूंच्या संगतीत ठेवला तर स्वतः कवच घालून उंदराला मारतो. 1944 मध्ये एव्हरी आणि त्याच्या सोबत्यांनी ते कसब डीएनएतून जातं हे शोधलं. डीएनएच्या सगळ्या शास्त्राचा धागा न्यूमोनियाच्या जंतूपर्यंत जातो तो असा. आणि लसही त्या कवचाचीच: कवचाची ओळख आधी करून दिली की प्रतिद्रव्य त्यावर बसतं आणि निसरड्या जंतूला पेशीच्या हाती पकड मिळते.

ह्या जंतूला फुप्फुसाचं दार बहुतेक वेळा दुसरंच कुणी उघडून देतं. शेळ्यांत पीपीआरचा (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगचा) विषाणू, माणसांत फ्लू किंवा गोवर. विषाणू लवेचा थर जाळून जातो आणि मागून जंतू शिरतो. 1918 च्या साथीत, जी आपल्याकडे मुंबईत शिरून रेल्वेने देशभर गेली, बहुतेक माणसं फ्लूने नव्हे तर त्यामागून आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने दगावली. अमेरिकेत जपून ठेवलेले तेव्हाचे फुप्फुसाचे तुकडे पुन्हा तपासून 2008 मध्ये हे मांडलं गेलं. साध्या सर्दीतून उठलेल्या म्हाताऱ्याला पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप आला, तर त्याला दवाखान्यात न्या असं मी म्हणतो ते ह्यासाठी. चुलीचा धूर आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतली धूळसुद्धा हेच काम करते, सावकाश, वर्षानुवर्षं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल डॉक्टर गोठ्याची बाजू घेतात. जनावरांकडून माणसाला येणारे श्वासाचे आणि छातीचे रोग आहेत. सगळ्यांत मोठा क्षय. गाईम्हशींचा क्षयाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, कच्च्या दुधातून माणसात येतो, आणि क्षयाने खोकणाऱ्या जनावराशेजारी रोज बसणाऱ्याला श्वासातूनही. उलटही होतं, क्षयी माणूस जनावराला क्षय देऊ शकतो. हा जंतू चौथ्या रीतीने वागतो: भक्षक पेशी त्याला गिळते, पण तो तिच्या पोटात पचत नाही, मेणचट कवचात तिथेच बिऱ्हाड करतो. दुप्पट व्हायला त्याला वीसएक तास लागतात. म्हणून आजार वर्षभर सरपटत चालतो आणि औषधही सहा महिने घ्यावं लागतं. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखं: बाळाला जन्मतः टोचतात ती बीसीजी लस ह्याच गाईच्या क्षयजंतूला 13 वर्षं प्रयोगशाळेत वाढवून निरुपद्रवी करून बनली, आणि 1921 मध्ये प्रथम माणसाला दिली गेली. आपल्याकडे तालमीतल्या पोरांना धारोष्ण दुधाचा मोठा अभिमान. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, दूध एक उकळी आणून प्या, ताकद कुठे जात नाही.

शेळी-मेंढी गाभडली तर तिचा वार आणि ते पाणी उघड्या हाताने काढू नये, त्याच्या शिंतोड्यांतून क्यू फिव्हर होऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पाळलेल्या पोपटाकडूनही एक प्रकारचा न्यूमोनिया येतो. आणि जनावर एकाएकी मेलं, नाकातून वा गुदातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर तो घटसर्प समजू नका. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. ते धूड कुणीही फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, आम्हाला बोलवायचं. माणसाच्या डिप्थेरियासारखाच पापुद्रा करणारा एक चुलतभाऊ जंतू, कॉरिनेबॅक्टेरियम अल्सेरन्स, गाईगुरांत आणि कुत्र्यामांजरांत सापडतो आणि क्वचित माणसाला बाधतो. पण तुमच्या गोठ्यातल्या म्हशी त्याने मेल्या नाहीत. त्या एचएसने गेल्या, आणि एचएसने डिप्थेरिया होत नाही. पाश्चुरेला माणसाला होतोच तर बहुतेक कुत्र्यामांजराच्या चाव्यातून, जखमेत.

तर बाई, सोमवारपासून काय करायचं.

तपासणी व्हायला हवी ती त्या मुलाच्या घरच्यांची आणि वर्गातल्या मुलांची. जी पोरं भीतीने घरी नेली, नेमकी तीच त्याच्या बाकाशेजारी बसत होती. आरोग्य केंद्राला सांगा, ते घशाचा नमुना घेतील, जवळच्यांना प्रतिजैविक देतील, आठवडा-दहा दिवस लक्ष ठेवतील, लस राहिली असेल तर देतील. काहीही त्रास नसलेला माणूसही घशात हा जंतू बाळगून असू शकतो, तेव्हा कुणावर आळ न घेता सगळ्यांचंच बघायचं.

मग तायी कार्डं, म्हणजे आई-बाळाच्या लसींची नोंद असलेली सरकारी कार्डं, मागवा. आपल्या वाड्यांतल्या बऱ्याच आयांना त्यावरचं कन्नड वाचता येत नाही आणि त्या ते कार्ड ट्रंकेत जपून ठेवतात, उघडत नाहीत. तुम्ही आणि आशाताई मिळून एका दुपारी बसलात तर काम होईल. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीन डोस, त्यात डिप्थेरिया, डांग्या खोकला आणि हिब (हाही न्यूमोनिया करणारा एक जंतू) हे तिन्ही येतात. मग 16 ते 24 महिन्यांत एक डीपीटी (डिप्थेरिया, डांग्या खोकला, धनुर्वात), 5 ते 6 वर्षांत दुसरी, आणि 10 व्या व 16 व्या वर्षी टीडी (धनुर्वात, डिप्थेरिया). न्यूमोकोकसची पीसीव्ही लस 2021 पासून देशभर सरकारी दवाखान्यात मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. सुटतो तो बहुधा पाच वर्षांचा डोस. आईबाप कामाला गोव्याला गेलेले असतात, पोर आजीकडे, आणि आजीला वाटतं लहानपणच्या सुया झाल्या म्हणजे झालं. प्रतिकार वर्षांनी ओसरतो, म्हणून तो डोस. तुमचा विद्यार्थी बरा होऊन आला तरी त्याची लस पूर्ण करून घ्या, हा रोग झाल्याने पुढचं संरक्षण मिळेलच असं नसतं.

गोठेवाल्याला माझा निरोप द्या. उरलेल्या जनावरांचा ताप रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचा, वाढला की 1962 ह्या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन. मेलेल्या म्हशी जिथे पुरल्या तिथे चुना टाकलाय ना ते बघायचं, त्या बाजूच्या डबक्यावर जनावरं पाण्याला न्यायची नाहीत. पोती काढून गोठ्यात वरून वारा खेळू द्यायचा, झड खालून अडवली तरी पुरते. आसपासच्या वाड्यांतल्या निरोगी जनावरांना लस आत्ताही देता येते, तसं मी दवाखान्याला कळवतो. पण लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पुढच्या वर्षापासून मे महिन्यातच, वळीव पडायच्या आत. लस टोचली की म्हैस दोन दिवस दूध कमी देते म्हणून बायका नाही म्हणतात, हे मला माहीत आहे. दोन दिवसांचं दूध आणि एक म्हैस, एवढा हिशोब त्यांच्यासमोर मांडा, त्या समजूतदार आहेत.

दुधाबद्दल: ज्या जनावरांना सुया चालू आहेत त्यांचं दूध उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत काढून टाकायचं, औषधाचा अंश असतो म्हणून. बाकीच्या म्हशींचं दूध उकळून खुशाल घ्या. त्या मुलींना उद्यापासून वर्गात बसवा, आणि कुणी विचारलं तर हे सगळं वाचून दाखवा. गुरुवारी मी त्या बाजूला येतोय. गोठा बघून झाला की त्यांच्याच ओसरीवर त्यांच्याच दुधाचा चहा घेईन, वाडीतल्या चारजणांना तेव्हा तिथे बोलावून ठेवा.